बंद मागाची घरपट्टी

आई खरं बोलली आणि आमची घरपट्टी दुपटीच्या वर गेली. ती बोलत होती तेव्हा मी समोरच खुर्चीत चहा पीत बसलो होतो. मध्ये एक शब्द टाकला असता तर तिथंच निभावलं असतं. पण ती ज्या तोऱ्यात सांगत होती ते ऐकायला मला बरं वाटत होतं, म्हणून मी गप्प बसलो.

मे महिना होता. सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत मेमध्ये दुपारी बारा ते पाच कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशात दारात एक विशी-बाविशीतला पोरगा उभा. गळ्यात ओळखपत्र, डोक्याला ओला रुमाल, एका हातात टॅब, दुसऱ्या हातात काडेपेटीपेक्षा थोडं मोठं लेझरचं यंत्र. मिळकती मोजायचं काम ज्या कुठल्या एजन्सीला मिळालं होतं तिच्याकडून आलेला. आईनं आधी त्याला तांब्याभर पाणी दिलं, मग आत घेतलं. तो एका भिंतीला यंत्र टेकवायचा, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा, आकडा यायचा, तो टॅबवर टिपायचा. स्वयंपाकघर, मधली खोली, वरची खोली, जिन्याखालचा संडास. मधल्या खोलीत ठिपका नेमका बाबांच्या फोटोवर पडला. पोरगा ओशाळून ‘सॉरी काकू’ म्हणाला आणि त्यानं ठिपका बाजूला सरकवला. शेवटी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि त्यानं विचारलं, “काकू, हे कशासाठी वापरता?” आता त्या शेडमध्ये काय आहे? पाण्याचे तीन बॅरल, गणपतीच्या मखराची पेटी, माझी मोडकी सायकल, दोरीवर वाळत घातलेली लुगडी. आईनं यातल्या एकाचंही नाव घेतलं नाही. ती ताठ झाली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाली, “इथं आमचे माग होते. दोन. ह्यांनी स्वतः बसवलेले.” पोरानं मान डोलावली आणि टॅबवर कुठंतरी बोट टेकवलं. मग चहा झाला, टॉवेलांच्या गोष्टी झाल्या, जाताना त्यानं टॅबवर आईची सही घेतली. बोटानं सही करायची आईला मोठी गंमत वाटली. संध्याकाळी तिनं शेजारच्या मामींनाही ती हवेत करून दाखवली.

डिसेंबरात एक कागद आला. तो ‘विशेष नोटीस’ होता, आकारणी बदलतेय, हरकत असेल तर अमुक मुदतीत कळवा, असं त्यात लिहिलेलं होतं, हे मला नंतर कळलं. आईनं तो रेशनकार्डाच्या डब्यात जपून ठेवला होता. सरकारी कागद जपून ठेवायचा असतो, एवढंच तिला ठाऊक. फेब्रुवारीत महापालिकेचं अंदाजपत्रक आलं. पेपरात पहिल्या पानावर बातमी होती की नव्या वर्षात कोणतीही करवाढ नाही. मी ती आईला मोठ्यानं वाचून दाखवली. आणि एप्रिलमध्ये बिल आलं. गेल्या वर्षी तीन हजार एकशे काही होतं, ते आता सात हजार चारशे साठ.

करवाढ नाही. बातमी खरी होती. बिलही खरं होतं.

मी त्या रात्री बिल घेऊन गच्चीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी घरपट्टीचं बिल खालच्या आकड्यापासून वर असं न वाचता वरपासून खाली वाचलं. त्यात एक शब्द असतो, करपात्र मूल्य. हे मूल्य काढायची रीत मोठी मजेशीर आहे. आपण आपल्याच घरात राहतो हे पालिकेच्या हिशेबाला चालत नाही. हे घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाला किती आलं असतं, असा विचार करायचा, त्यातून डागडुजीपोटी दहा टक्के सोडून द्यायचे आणि जे उरेल त्यावर कर. समजा महिन्याला हजार रुपये भाडं धरलं, तर वर्षाचे १२,०००, दहा टक्के वजा जाता १०,८००. म्हणजे गेली चाळीस वर्षं एक अदृश्य भाडेकरू आमच्या घरात राहतोय. तो कधी पाणी भरत नाही, त्याला कधी उकडत नाही, पण त्याच्या भाड्यावर आम्ही कर भरतो. शेड बिगरनिवासी धरली गेल्यामुळं त्या भाडेकरूनं आता मागच्या बाजूला कारखानाही टाकला होता. सर्वसाधारण कर, पाणी, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण असे रकाने खाली उतरत जातात. यातला शिक्षण कर राज्य सरकारचा, पालिका तो नुसता गोळा करून देते. त्याच्याखालचा रकाना आमच्या बिलात आजवर कायम रिकामा असायचा. या वेळी तो भरला होता. रोजगार हमी उपकर.

हा उपकर राहत्या घराला लागत नाही, धंद्याच्या जागेला लागतो. मला हसू आलं आणि मग आलं नाही. रोजगार हमी ही आमच्या घराला कागदावरची गोष्ट नाही. ७२ च्या दुष्काळात आजी सांगोल्याकडच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. सुकडीचं पाकीट घरी आणायची, त्याचा वास आईच्या अजून नाकात आहे. ती कामं पुढं कायद्यानं पक्की झाली आणि त्यांच्या खर्चासाठी शहरातल्या दुकानांवर, कारखान्यांवर हा उपकर बसला. शहरानं गावाला दिलेला हात म्हणा. मला तो मनापासून पटतो. फक्त, ज्या शेडमध्ये आता एका माणसालाही रोजगार नाही तिनं रोजगाराची हमी भरावी, एवढंच जरा घशात अडकलं.

बाबा गिरणीत होते. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं, यात त्यांची अर्धी हयात गेली. गिरणीची धुरांडी थंड झाली तेव्हा त्यांनी मिळालेल्या पैशांत दोन जुने माग घेतले. घेताना सोबत शेजारचे अण्णा होते. अण्णांची चौथी पिढी मागावर. ते आपसात तेलुगूत बोलायचे आणि बाबांशी अशा मराठीत की अर्धं कळायचं नाही, पण मागाबद्दल बोलले की सगळं कळायचं. त्यांनीच बाबांना सुताचा बीम मागावर कसा चढवायचा, धोटा अडला तर पहिल्यांदा कुठं बघायचं, हे शिकवलं. फरशी खोदून आठ बोल्ट काँक्रीटमध्ये गाडले, त्यावर माग कसले. पहिल्या दिवशी माग सुरू झाला तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरली आणि एक वाटी खाली पडली. आई सांगते, ती वाटी पडली तेव्हा बाबा हसले, गिरणी बंद झाल्यापासून पहिल्यांदा. पुढची कितीतरी वर्षं आमचं घर त्या खडखडाटात जगलं. आम्ही भावंडं ओरडून बोलायला शिकलो, आजही फोनवर लोक म्हणतात, जरा हळू. कापसाची लव भाकरीच्या पिठावर बसायची, आईच्या पापण्यांवर बसायची. आई कांड्या भरायची, मी शाळेतून आलो की टॉवेलांच्या कडा कापायचो. शेंगाचटणीत सुद्धा मशिनच्या तेलाचा वास यायचा, आणि खरं सांगतो, तो वास नसलेली चटणी मला अजून फिकी लागते.

माग पुढं भंगारात गेले, किलोवर. ते बाबांनी स्वतः विकले, त्यांच्या शेवटच्या दुखण्याच्या आधीच. टेम्पोवाल्यानं वजन केलं तेव्हा ते आतल्या खोलीत जाऊन बसले होते.

फक्त बोल्ट राहिले. फरशीतून बोटभर वर आलेले आठ बोल्ट.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना फोन केला. दाजी जुळे सोलापुरात राहतात, फ्लॅटमध्ये. ते म्हणाले, “तुम्ही पेठेतले लोक कधीपासून जुन्या भावानं भरताय, आता जरा सोसा की.” रागावलो खरा, पण रात्री विचार केला तर माणूस चुकीचं बोलत नव्हता. १९९२ ची हद्दवाढ झाली आणि शहर एकदम चहूबाजूंनी पसरलं. तिकडं नवं बांधकाम उठलं की त्याची आकारणी त्या वर्षीच्या हिशेबानं होते. इकडं पेठांतली घरं जुन्याच आकड्यावर बसून असतात. भाडं कायद्यानं गोठलेलं, म्हणून आकारणीही गोठलेली. नवी पेठेत एखाद्या वाड्याच्या पुढच्या भागात कापडाचं दुकान रग्गड चालतं आणि मागं राहणाऱ्या मालकाची घरपट्टी दाजींच्या दोन खोल्यांपेक्षा कमी असते, असं होऊ शकतं. चार-चार वर्षांनी सगळ्यांची आकारणी नव्यानं व्हावी असं कायद्यात आहे. ती वेळेवर होत नाही, कारण नव्यानं मोजणी म्हटली की गल्लोगल्ली बोंब उठते. त्या बोंबेत मीही असतो. मोजणीचा पोरगा यायलाच हवा होता, हे मला दाजींना सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला ऐकवलं.

अंदाजपत्रक आणि घराची किंमत यांचं नातं मला लहानपणीच कळायला हवं होतं, कारण आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचा कारभार त्याच धर्तीवर चालायचा. मंडळाची एक वही होती. पत्र्याच्या घराला इतकी वर्गणी, स्लॅबच्या घराला तितकी, खाली दुकान असेल तर त्याहून जास्त. ज्या वर्षी आम्ही पुढच्या खोलीवर स्लॅब टाकला त्या वर्षी मंडळाची पोरं पेढे खायला आली आणि जाताना वाढीव पावती फाडून गेली. बाबा त्यांना म्हणाले, “आमचे वाढले तर त्या पलीकडच्या विधवा बाईंचे कमी करा की मग.” पोरांनी एकमेकांकडं बघितलं. कुणाचेही कमी झाले नाहीत, त्या वर्षी फक्त लाइटिंग जास्त झालं. बाबांचा मुद्दा साधा होता. आधी खर्च ठरवा, मग घराघराच्या ऐपतीप्रमाणं वाटून घ्या. एकाचा वाटा वाढला तर दुसऱ्याचा घटला पाहिजे. पालिकेचं तसं होत नाही. कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरतात, दर तेच ठेवले की ‘करवाढ नाही’ अशी बातमी होते, आणि खाली मूल्य वाढलं की बिल आपोआप फुगतं. दराला हात लावायला सभागृहात हात वर करावा लागतो. मूल्याला लेझरचा ठिपका पुरतो. २०२२ च्या मार्चपासून पुढं जवळपास चार वर्षं तर सभागृहात नगरसेवकच नव्हते, आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. हात वर करायचा तर कुणी?

तरी मला त्या जमाखर्चाची थोडी दयाही येते. एकेकाळी शहराचं पोट जकातीवर, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या करावर चालायचं. जुना पुणे नाका, बोरामणी नाका, ही नावं आपण रिक्षावाल्याला सांगतो तेव्हा नाका कसला हे आताच्या पोरांना माहीतही नसतं. बाबांसोबत मी एकदा सुताच्या टेम्पोत बसून आलो होतो. नाक्यावर ट्रकांची रांग, कंदील, पावतीपुस्तकाची कार्बनची निळी बोटं, आणि चहाच्या टपरीवर झोपेत पुटपुटणारे ड्रायव्हर. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही २०१५ ला बहुतेकांना माफ झाला, २०१७ ला जीएसटी आला. नाक्यावर रोजच्या रोज पडणारा पैसा गेला. आता सरकारकडून येणाऱ्या अनुदानाची वाट बघायची, नाहीतर घरांकडं बघायचं. ट्रक नाक्यावरून पुढं निघून जातो, घर कुठं जाणार? ते जागेवरच असतं. मोजायला सोपं, बिल चिकटवायला सोपं. आणि आपण तरी कसे? मार्च आला की शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, माफ करणारी अभय योजना येते का, याची वाट बघणारे. महिन्याला दोन टक्के शास्ती चढत असते, तरी ‘बघू, माफ करतील’ म्हणणारे माझ्या मित्रमंडळींत निम्मे आहेत. जे वेळेवर भरतात ते वेडे ठरतात. बाबा तसले वेडे होते. त्यांनी घरपट्टीच्या सगळ्या पावत्या एका तारेला खोचून ठेवल्या होत्या, सगळ्यात जुनी तळाला, पिवळी पडून पापडासारखी झालेली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली, तिची मला थोडी लाज वाटते. दाजींच्या ओळखीचा एक एजंट घर बघायला आला होता. विकायचं असं काही नव्हतं, पण ‘भाव तर कळू दे’ म्हणून मी बोलावलं. तो शेडमध्ये गेला, पत्र्याला हात लावून म्हणाला, “बांधकामाचं शून्य धरा. जागेचं बोला.” मी लगेच सांगायला लागलो की पाया दगडी आहे, भिंती दीड फुटी आहेत, शेडच्या फरशीखाली अण्णांनी उभं राहून काँक्रीट ओतून घेतलंय, मशिनचा भार सोसलेली फरशी आहे. घरातलं एक लग्न जमवताना आम्ही याच घराचं वर्णन ‘स्वतःचं, दुमजली, मागं मोठी शेड’ असं केलं होतं. आणि त्याच आठवड्यात मी घरपट्टीच्या अर्जाचा मसुदा करत होतो: ‘सदर शेड जुनाट, पडीक व वापरास अयोग्य असून…’ रेडी रेकनरचा सरकारी भाव एक, एजंटचा दुसरा, करपात्र मूल्य तिसरं, भंगारवाल्याचं किलोवर चौथं. आणि मी ज्याच्यासमोर उभा असेन त्याच्याप्रमाणं घर फुगवत होतो किंवा आक्रसवत होतो.

आई मागून आली. “काय लिहालालास?”

मी वाचून दाखवलं. तिला ‘जुनाट’ चाललं. ‘पडीक’वर ती थांबली. “पडीक लिहू नकोस. पडीक रान असतं, ज्याला धनी नाही ते. बंद लिही.” मी म्हटलं, एकच गोष्ट आहे. ती म्हणाली, “मग बंद लिहायला तुझं काय जातंय?”

अर्ज घेऊन मी महापालिकेत गेलो. घरपट्टीच्या खिडकीवर गर्दी होती. इंद्रभुवनच्या त्या सुंदर इमारतीकडं बघत मी रांगेत उभा राहिलो. वारद घराण्याचा हा वाडा, आता महापालिकेचा, त्याच्या कमानी, नक्षी, आणि आवारात हातात बिलं घेतलेली आम्ही सगळी. मनात विनाकारण आलं, याचं करपात्र मूल्य किती होईल? महिन्याला काय भाडं धरणार या वाड्याचं? माझ्या पुढं एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या खोलीची लांबी आणि रुंदी उलटी लागली होती. त्यानं काही फरक पडत नाही, असं आतल्या बाई त्यांना तिसऱ्यांदा सांगत होत्या आणि त्यांचं समाधान होत नव्हतं. “अहो पण माझी खोली लांब आहे, रुंद नाही.” माझी पाळी आली. बाईंनी चष्मा वर सारून नोंद काढली. वापर: उद्योग. मला वाटलं होतं त्या झटकतील. त्यांनी विचारलं, “माग होते का?” मी हो म्हटलं. “मग पोरानं विचारल्यावर घरच्यांनी माग सांगितलं असणार. परवापासून ही सातवी केस माझ्याकडं.” त्यांनी स्वतःच सांगितलं की नुसत्या अर्जानं होणार नाही, मागाचं वीजकनेक्शन बंद केल्याचा कागद जोडा आणि स्थळपाहणीला माणूस येईल तेव्हा घरी थांबा. मुदत गेल्याबद्दल एक शब्द ऐकवला, तो मी ऐकून घेतला. पहिल्या सहामाहीचं भरून टाका, पुढं दुरुस्त होईल, म्हणाल्या. मी भरलं.

वीज तोडल्याची पावती बाबांच्या तारेवरच सापडली, घरपट्टीच्या दोन पावत्यांच्या मध्ये, जिथं ती तारखेनं असायला हवी होती तिथंच.

पाहणीला आलेला माणूस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. आदल्या रात्री पहिला पाऊस पडून गेला होता, शेडमध्ये पत्र्यातून ठिबकून फरशीवर दोन थारोळी झाली होती. पन्नाशीचा, पायात चपला, हातात फाइल, टॅब नाही. मी आईला आधीच पढवून ठेवलं होतं. फार बोलायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. पढवताना मला माझीच कीव आली होती, बाईला तिच्याच घराबद्दल गप्प राहायला शिकवायचं म्हणजे काय. त्यानं बॅरल बघितले, मखराची पेटी बघितली, दोरीवरच्या लुगड्यांना बगल देत मागच्या भिंतीपर्यंत गेला. मग तोच प्रश्न आला.

“मावशी, हे कशासाठी वापरता?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी दोरीकडं बघितलं. “कपडे वाळत घालतो,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान. आमच्या घरात एवढ्या लहान आवाजात कुणी बोलत नाही.

त्यानं फाइलीत लिहिलं. मी वाकून बघितलं, ‘निवासी’. झालं, एकदाचं सुटलो, असं वाटून मी दाराकडं वळलो, तेवढ्यात मागं त्याची चप्पल कशाला तरी अडकली. तो खाली वाकला. फरशीतून वर आलेल्या त्या बोटभर लोखंडावर पावसाचं पाणी साचलेलं होतं, पण गंज नव्हता. एकाही बोल्टवर नव्हता. मी इतकी वर्षं त्या शेडमध्ये ये-जा करतोय आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. कुणीतरी त्यांना वेळच्या वेळी तेल लावत होतं.

“हे कशाचे बोल्ट?” त्यानं विचारलं.

“ह्यांचे,” आई म्हणाली.

तो क्षणभर थांबला. मग फाइल मिटली आणि पेन खिशाला लावलं.